एका टॅगची दोन झाडं: बांदोड्याच्या पोर्चमधला सेज

२०२३ चा मिरग लागायच्या आठवडाभर आधी वहिनीने नर्सरीतून दोन झाडं आणली. दोन्ही काळ्या पिशवीत, दोन्हींच्या मातीत खोचलेला सारखाच पांढरा प्लास्टिकचा टॅग, आणि देणाऱ्याने सांगितलेलं एवढंच की सेज आहे, बाहेरचं झाड आहे, जांभळी फुलं येतात. आमचं घर फोंडा तालुक्यात बांदोड्याला. वहिनीला पोर्चच्या दोन खांबांपाशी जांभळं काहीतरी हवं होतं म्हणून तिने १४ इंची दोन कुंड्या घेतल्या, दोन्हींत एकच माती भरली, एकच शेणखत घातलं आणि दोन्ही झाडांना रोज सारखंच पाणी घालायला लागली. जुलै संपायच्या आत एक मेलं. दुसरं छातीएवढं वाढलं पण दिवाळीपर्यंत त्याला एक फूल नाही. सेज म्हणून आपल्याकडे कुठलंही झाड हातात पडू शकतं, आणि ते नक्की काय आहे हे कळल्याशिवाय पाणी, माती, जागा यातलं काहीच नीट ठरवता येत नाही, म्हणून या दोन झाडांचं पहिल्यापासून सगळं लिहून ठेवतोय.

मला वहिनीने बोलावलं ते पहिलं झाड आचके द्यायला लागल्यावर. "भाऊजी, पाणी तर रोज घालते मी, तरी हे असं का माना टाकतंय?" मी बघितलं तर बाहेर पाऊस कोसळतोय, पोर्चच्या कडेला पागोळ्यांचं पाणी थेट कुंडीत पडतंय आणि त्यावर रोजचं तांब्याभर पाणी वेगळं. झाड उपटून बघितलं, मुळं काळी पडलेली, बोटात धरली की वरची साल सुटून हातात येत होती आणि कुजका वास. म्हणजे तहानेने नाही, पाण्यात बुडून गेलं. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, पान मलूल होतं, आणि मग माणूस मायेने अजून पाणी घालतो.

मेलेलं झाड मी टाकून दिलं नाही, पेपरवर पसरून ठेवलं. आणि तेव्हा पहिल्यांदा दोन्ही झाडं शेजारी ठेवून नीट बघितली. वहिनीला वाटत होतं एक कोवळं आणि एक जून असेल म्हणून पानं वेगळी दिसतायत. पण फरक वयाचा नव्हता.

मेलेल्या झाडाची पानं लहान, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, लंबगोल, आणि दोन्ही बाजूंनी चंदेरी, राखाडी, जणू पिठी लावल्यासारखी. काडी बोटांत फिरवली की गोल फिरते. पानं एकाआड एक लागलेली, कुठे कुठे दाटीने. चुरगाळून वास घेतला तर काही नाही. जिवंत झाडाची पानं लांब, बोटभर आणि त्याहून मोठी, टोकाकडे निमुळती, वरून हिरवी आणि सुरकुतलेली, खालून पांढुरकी लव. काडी बोटांत फिरवायला गेलो तर अडखळते, कारण ती चौकोनी आहे, चार कडा बोटाला लागतात. पानं समोरासमोर जोडीने आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला आडवी. वास मंद पण आहे.

चौकोनी काडी आणि जोडीची पानं हे आपल्याला नवीन नाही, दारातल्या तुळशीची कोवळी काडी धरून बघा, तशीच लागते. तुळस, पुदिना, ओवा म्हणून कुंडीत लावतो ते जाड पानाचं झाड, सगळी एका कुळातली, आणि खरा सेज म्हणजे साल्विआ त्याच कुळातला. पण चौकोनी काडी म्हणजे तुळशीचं कूळच असं मात्र नाही, घाणेरीची काडीसुद्धा चौकोनी असते आणि पानं जोडीने असतात आणि वासही उग्र असतो, तरी ती वेगळ्या कुळातली. म्हणून काडीवरून फक्त एवढं म्हणता येतं की हे झाड साल्विआ असू शकतं. आणि मेलेलं झाड साल्विआ नव्हतं हे मात्र काडीवरूनच जवळजवळ नक्की झालं.

आता टॅगचं सांगतो. मार्करने लिहिलेलं पहिल्या दोन पावसांत धुऊन गेलेलं. दोन्ही टॅगवर इंग्रजीतली पहिली चारच अक्षरं राहिली होती, ल्युक (leuc). पुढचं सगळं निळसर डाग. वहिनी म्हणाली बघा, दोन्हीचं नाव एकच आहे. मलाही दोन दिवस तसंच वाटलं. पण ल्युक हा ग्रीक ल्युकोस शब्दाचा तुकडा, अर्थ पांढरा, आणि झाडांच्या शास्त्रीय नावात तो कुठेही येतो. चंदेरी पानाचं ते ल्युकोफायलम, म्हणजे पांढऱ्या पानाचं. आणि साल्विआमध्ये एक आहे ल्युकँथा, म्हणजे पांढऱ्या फुलाचा. दोघांनाही इंग्रजीत सेज म्हणतात, एकाला टेक्सास सेज आणि दुसऱ्याला मेक्सिकन बुश सेज. नर्सरीत कुणीतरी लांब नावाचा एकच तुकडा लिहिला असणार. नाव दोघांचं अर्धं सारखं आणि झाडं मात्र वेगवेगळ्या कुळांतली.

ल्युकोफायलम फ्रुटेसेन्स हे टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोतलं, कोरड्या चुनखडीच्या माळावरचं झुडूप. टेक्सासने २००५ मध्ये त्याला राज्याचं देशी झुडूप म्हणून मान दिला. तिकडे त्याला बॅरोमीटर बुशही म्हणतात, कारण हवेत दमटपणा आला, पाऊस झाला की ते एकदम फुलतं. हे वाचून माणसाला वाटेल की मग गोव्यात तर बारा महिने फुलेल. पण तिकडची पावसाची सर येऊन जाते आणि जमीन दोन दिवसांत कोरडी होते, आणि आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. तिकडे त्याच्या पाव हिश्श्याहून कमी. शिवाय आपली लाल चिऱ्याची माती आंबट आणि त्याला चुन्याची सवय. पोर्चच्या कडेला पागोळीखाली ते जगण्याची शक्यता नव्हतीच. ज्यांना गोव्यात लावायचंच असेल त्यांनी पक्क्या छपराखाली पण भरपूर ऊन आत येईल अशा जागी, मुरूम मिसळलेल्या मातीत लावावं आणि पावसाळ्यात पाणी जवळजवळ बंद करावं, कष्टाचं आहे पण जमतं.

दुसऱ्या झाडाला त्याच दिवशी दोन चिऱ्यांच्या तुकड्यांवर उचलून ठेवलं, म्हणजे कुंडीच्या खालची भोकं मोकळी राहतील, आणि हातभर आत सरकवलं. खालची पानं पिवळी पडत होती ती दोन आठवड्यांत थांबली. कुंडीतली माती नुसती लाल आणि शेणखत अशी होती, पाऊस पडला की चिखल. ती काढून दोन भाग माती, एक भाग जाड रेती, एक भाग बारीक मुरूम आणि मूठभर जुनं शेणखत असं भरलं. कोकोपीट मुद्दाम नाही घातलं, पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं. आणि नवीन पान कडक, ताठ यायला लागलं.

पण नाव अजून नक्की नव्हतं, कारण फूल नव्हतं. पुतण्याने फोनवरच्या ॲपमध्ये पानाचा फोटो टाकला तर एकदा साल्विआ आलं आणि एकदा बडलेया, म्हणजे वेगळंच एक शोभेचं झुडूप. ॲपला दोष देत नाही, बडलेयाची पानंही लांब, समोरासमोर, खालून पांढरी लव असलेली असतात आणि त्याच्या काडीलाही कडा असतात, पानाच्या फोटोवरून भल्याभल्यांचा गोंधळ होईल. गंमत अशी की बडलेया आणि ते मेलेलं ल्युकोफायलम एकाच कुळातले, म्हणजे सेज समजून चुकायचं तर माणूस दोनदा त्याच घरात शिरतो. यावर उपाय एकच, फुलाची वाट बघणं. बडलेयाच्या फुलाला चार सारख्या पाकळ्या दिसतात आणि आत चार पुंकेसर. साल्विआचं फूल दोन ओठांचं असतं आणि पुंकेसर फक्त दोन. तुळशीच्या कुळात चार पुंकेसर ही नेहमीची गोष्ट, तुळशीलाही चार, आणि साल्विआमध्ये मात्र दोनच कामाचे उरलेत. हजाराच्या घरात जाती आहेत साल्विआच्या, आणि ही दोनाची खूण त्या सगळ्यांना लागू पडते.

याच काळात वहिनीला कुणीतरी सांगितलं की सेज चहात घालतात, घशाला चांगला, आणि ती दोन पानं तोडून उकळायला निघाली होती. मी थांबवलं. चहात आणि स्वयंपाकात वापरतात तो साल्विआ ऑफिसिनॅलिस, भूमध्य समुद्राकडचा, आणि साल्विआ हे नाव ज्या लॅटिन शब्दावरून आलं त्याचा अर्थ वाचवणं, बरं करणं असा आहे, पण ती कीर्ती त्या एका जातीची. शोभेचं झाड, ओळख पटलेली नाही, नर्सरीत त्यावर काय फवारलंय माहीत नाही, ते पोटात घालायचं नाही म्हणजे नाही. इथे मला वहिनीशी जरा कडक बोलावं लागलं आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

सप्टेंबर गेला, चवथ गेली, झाड साडेतीन-चार फूट झालं, फांद्या पांढऱ्या लवेने मऊ, बाकी सगळं छान आणि फूल नाही. जो तो खताचं सांगायला लागला. शेजारच्या काकांनी हाडांची पूड आणून दिली, ती घातली. दादा म्हणाला शेणखत जास्त झालंय म्हणून नुसता पाला वाढतोय. ऑक्टोबर असाच गेला. नरकासुर झाला, आकाशकंदील लागला, उतरला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी संध्याकाळी पोर्चवर बसलो होतो, आणि झाडाच्या मागच्या बाजूला, खांबाच्या आडोशाला असलेल्या तीन फांद्यांच्या टोकाला काहीतरी वाकलेलं दिसलं. जवळ जाऊन बघितलं तर मखमली जांभळे मणी, जोडीजोडीने, कापसाच्या वातीवर ओवल्यासारखे. फक्त तीन फांद्या. पुढच्या बाजूच्या दहा-बारा फांद्यांवर एकही नाही. आणि तेवढ्यात दादाने रोजच्यासारखी पोर्चची ट्यूब लावली आणि खांबाची सावली बरोबर त्या तीन फांद्यांवर पडली.

ती ट्यूब जुलैपासून रात्रभर चालू असायची. पायरीपाशी फुरसं निघालं होतं तेव्हापासून. घरात आई वय झालेली, रात्री उठते, त्यामुळे दिवा हवाच होता.

मला एकदम शेवंती आठवली. घाटावर शेवंतीच्या शेतात रात्री बल्बच्या माळा लावलेल्या असतात, बघणाऱ्याला सजावट वाटते पण ते फूल लांबवण्यासाठी असतं. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते, मध्ये उजेड पाडला की झाड समजतं अजून रात्र लहानच आहे आणि नुसता पाला वाढवत बसतं. १९२० साली गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखूवर प्रयोग करून ही गोष्ट मांडली की किती झाडं ऋतू ओळखतात ते दिवसाच्या लांबीवरून. नंतर कळलं की झाड खरं तर मोजतं ती सलग काळोखाची लांबी. आणि साल्विआ ल्युकँथा हे शेवंतीसारखंच, दिवस आखूड झाल्यावर फुलणारं. आपण हल्ली खातो तो चियासुद्धा साल्विआच, साल्विआ हिस्पॅनिका, आणि तोही आखूड दिवसांतच फुलतो. (सब्जा म्हणजे चिया नाही, सब्जा तुळशीच्याच भावंडाचं, बेसिलचं बी आहे, हे दुकानातही मिसळून सांगतात म्हणून इथेच लिहिलं.)

गोवा विषुववृत्तापासून पंधरा-साडेपंधरा अंशांवर. आपला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम १३ तासांचा आणि सगळ्यात लहान सव्वाअकरा तासांचा, फरक इतका थोडा की आपल्याला जाणवतही नाही. पण झाडाला तो पुरतो. सप्टेंबर सरला की रात्र दिवसापेक्षा मोठी होते आणि तिथून याची तयारी सुरू होते. आमच्या झाडाला मात्र चार महिने रात्र दिसलीच नव्हती.

त्याच आठवड्यात कुंडी उचलून विहिरीच्या बाजूला नेली, तिकडे रात्री मिट्ट काळोख आणि सकाळचं चार-पाच तास ऊन. खत काही दिलं नाही, पाणी वरची बोटभर माती सुकली की. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुढच्या फांद्यांनाही मणी आले.

आणि मग एक फूल मी पांढऱ्या कागदावर घेऊन सुईने उघडलं, वहिनी भिंग धरून बाजूला. बाहेरचा जांभळा भाग म्हणजे पाकळी नाही, तो निदल, फुलाचा बाहेरचा पेला, आणि त्याच्यावरची जांभळी लव इतकी दाट की बोट फिरवलं तर मखमलीच्या खणावरून फिरवल्यासारखं. त्यातून बाहेर आलेलं खरं फूल पांढरं, जेमतेम दोन सेंटिमीटर, दोन ओठांचं, त्यालाही लव. वरचा ओठ सुईने चिरला तर आत दोन पुंकेसर चिकटून बसलेले, दोनच, तीनदा मोजले. तळाशी भिंगाखाली चार बारीक दाणे एकत्र, जसे तुळशीच्या मंजिरीत एका फुलामागे चार बिया असतात तसे. म्हणजे बडलेया बाद आणि साल्विआ नक्की. चौकोनी लवदार काडी, खालून पांढरं लांब पान, जांभळा मखमली निदल आणि पांढरं फूल हे सगळं एकत्र असलेला साल्विआ ल्युकँथाच. १७९१ साली कावानिलेस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ज्या पांढऱ्या फुलावरून हे नाव दिलं तेच पांढरं फूल आमच्या कागदावर होतं. याचा एक प्रकार फूलही जांभळंच असलेला मिळतो, तो घेतलात तर नावावरून गोंधळू नका.

पांढरी फुलं दोन-चार दिवसांत गळतात पण जांभळे निदल कितीतरी आठवडे तसेच राहतात, म्हणून झाड फुललेलं दिसतं. मेक्सिकोत यावर गुंजनपक्षी येतात, आमच्याकडे शिंजीर यायला लागले, सकाळी आठच्या सुमाराला, फांदीला लटकून. काळा भुंगा पण यायचा, तो तोंडातून आत शिरत नाही, फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध पितो.

एकच झाड, तेव्हा दिव्याचं अनुमान बरोबर की योगायोग, हे मला नीट बघायचं होतं. फेब्रुवारीत फुलं संपल्यावर झाड जमिनीपासून फूटभर ठेवून छाटलं आणि फूल न आलेल्या कोवळ्या टोकांच्या चार-चार इंचाच्या ९ काड्या घेतल्या, पेराच्या खाली कापून, खालची पानं काढून, ओल्या रेतीत सावलीला. तीन आठवड्यांत ६ धरल्या. ऑगस्टपर्यंत दर महिन्याला शेंडे खुडले म्हणजे झाड भरतं, ऑगस्टनंतर नाही, कारण मग कळ्याच खुडल्या जातात. त्यातली चार सारखी रोपं निवडली, एकाच मातीत, एकाच मापाच्या कुंड्यांत, पाऊसभर चिऱ्यांवर आणि पागोळीपासून लांब. सप्टेंबर २०२४ ला दोन पोर्चच्या ट्यूबखाली ठेवली आणि दोन विहिरीपाशी. दिवसाचं ऊन दोन्हीकडे जवळजवळ सारखं.

विहिरीपाशीच्या दोघांना ऑक्टोबरच्या शेवटी मणी दिसले. ट्यूबखालच्या दोघांना १ डिसेंबरपर्यंत काहीच नाही, पानं मात्र जास्त हिरवी. १ डिसेंबरला तीही विहिरीकडे नेली आणि जानेवारीत ती फुलली. चारच झाडं आहेत, पण मला स्वतःला आता शंका उरली नाही.

दादाने पोर्चला सेन्सरवाला दिवा बसवला, कुणी आलं की पेटतो आणि मिनिटभराने विझतो, आईला पायरी दिसते. तरी कुंड्या आम्ही परत पोर्चमध्ये आणल्या नाहीत, विहिरीकडेच त्या बऱ्या आहेत. उरलेल्या दोन रोपांतलं एक शेजारच्या काकांकडे गेलं, त्यांच्या अंगणात रस्त्याचा दिवा येतो म्हणून घराच्या मागे ठेवायला सांगितलंय. प्रत्येक कुंडीत आता ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी आहे, त्यावर वहिनीने खिळ्याने पूर्ण नाव कोरलंय, साल्विआ ल्युकँथा, आणि खाली काडी लावल्याची तारीख.